पोच घेतली का? आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या निवेदनाची गोष्ट

परवा माहेरून वहिनीचा फोन आला. तिच्या गावाला गटारीचं पाणी हापश्याजवळ तुंबून राहिलंय आणि गल्लीतल्या बायका मिळून ग्रामपंचायतीला निवेदन देणार आहेत, तर ताई तुम्ही गेल्या वर्षी नगरपालिकेला कसं दिलं होतं ते जरा लिहून पाठवा ना, असं म्हणाली. मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करायला बसले आणि तो मेसेज इतका लांबत गेला की म्हटलं इथेच लिहून टाकते, अजून कोणाला लागलं तर त्यांनाही मिळेल.

आमच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जळगाव जिल्ह्यातलं नगरपरिषद असलेलं गाव आहे एवढं पुरे. आमची कॉलनी गावाच्या टोकाला आहे, शेतात प्लॉट पडले तेव्हाची, आणि पाण्याच्या लाइनच्या पण टोकाला. त्यामुळे गावात पाणी सुटलं तरी आमच्यापर्यंत पोचतापोचता त्याचं प्रेशर संपलेलं असतं. खान्देशातला उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना मी काय सांगू, मार्च संपला की पारा ४० च्या वर, एप्रिल-मे मध्ये ४५ पर्यंत जातो, कूलरला पाणी लागतं, त्यात पापड, कुरडया, बिबड्या करायचे हेच दिवस, आणि नळ मात्र कोरडा.

आता सासूबाईंच्या कॅलेंडरबद्दल सांगते, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. आमच्या स्वयंपाकघरात दाराशी कालनिर्णय टांगलेलं असतं, त्याच्यावर दुधाचा खाडा, गॅसची तारीख, भिशी असं सगळं लिहिलेलं असतं आणि त्यासोबत एक अक्षर असतं, 'पा'. पा म्हणजे पाणी. नळाला पाणी आलं की त्या तारखेवर आई 'पा' लिहितात आणि खाली वेळ, रात्री दोन, पहाटे साडेचार, जे असेल ते. त्यांना पुढचं पाणी कधी येईल याचा अंदाज बांधायचा असतो, म्हणजे टाकी किती दिवस पुरवायची ते कळतं. कॉलनीतल्या बऱ्याच घरांत ही खूण असते हे मला खूप उशिरा कळलं.

पहिलं निवेदन आम्ही जानेवारी २०२५ मध्ये दिलं. ते का फुकट गेलं ते आधी सांगते. त्यात आम्ही नऊ मागण्या लिहिल्या होत्या, पाणी, गटार, खांबावरचे लाइट, मोकाट कुत्रे, ओपन स्पेसमध्ये बगिचा, रस्ता, घंटागाडी, असं जे ज्याला आठवलं ते. वर पाच साहेबांची नावं, अगदी पालकमंत्र्यांपर्यंत. शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' असं वाक्य, कारण पेपरात सगळ्या निवेदनांत ते असतं. पंधरा-वीस जण गेलो, साहेब मिटिंगला बाहेर गेलेले, मग तिथे जे कर्मचारी भेटले त्यांच्या हातात कागद दिला, देतांनाचा फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला, एका पेपरात बारीक बातमी पण आली आणि आम्हाला वाटलं झालं काम. महिन्याने चौकशीला गेलो तर कुठलं निवेदन, कोणाकडे दिलं, कधी दिलं, असे प्रश्न. आमच्याकडे दाखवायला काय होतं? मोबाइलमधला फोटो. त्यात कागदाची पाठ दिसत होती.

घरी येऊन मी आबांजवळ चिडचिड केली. आबा म्हणजे माझे सासरे, तहसीलमध्ये आवक-जावकच्या टेबलावर बरीच वर्षं काढलेला माणूस. ते अहिराणीतच बोलतात घरात. म्हणाले, "माय, तोंडनं बोलनं तोंडमाच ऱ्हास. कागद दे आनि पोच ले." म्हणजे तोंडाचं बोलणं तोंडातच राहतं, कागद दे आणि पोच, म्हणजे तो मिळाल्याचा सही-शिक्का, घे. मी म्हटलं आबा कागदच तर दिला होता, तर म्हणाले नंबर काय त्याचा? नंबर नव्हता. मग त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं, की ऑफिसात कागद आला आणि आवक रजिस्टरला चढला नाही तर ऑफिसच्या दृष्टीने तो कागद आलेलाच नसतो. चढला तर त्याला तारीख आणि क्रमांक मिळतो, तो कोणत्या टेबलावर गेला त्याची नोंद होते, मग पुढे तुम्हाला विचारता येतं की अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय केलं. हे ज्यांना माहिती आहे त्यांना साधं वाटेल. मला माहिती नव्हतं, आणि आमच्या कॉलनीत शिकलेसवरलेले इतके लोक, त्यांनाही माहिती नव्हतं.

दुसऱ्या वेळी आम्ही फक्त पाणी हा एकच विषय घेतला, बाकी आठ मागण्या बाजूला ठेवल्या. यावर ग्रुपमध्ये चांगलीच वादावादी झाली, ज्यांच्या घरासमोर गटार तुंबते त्यांना वाईट वाटलं आणि ते साहजिक होतं, पण एका कागदात नऊ विषय असले की तो पाणीपुरवठा, आरोग्य, बांधकाम, विद्युत अशा चार टेबलांचा होतो आणि मग कोणत्याच टेबलाचा राहत नाही. त्यांचं गटारीचं निवेदन आपण वेगळं देऊ असं ठरलं आणि नंतर खरंच दिलं.

मग आबांनी विचारलं पुरावा काय देशील. तेव्हा मला कॅलेंडर आठवलं. मी आईंचं कालनिर्णय घेतलं आणि १ जानेवारी ते २८ फेब्रुवारी मोजलं. ५९ दिवसांत 'पा' सात वेळा. मग दोन गल्ल्या पुढे, मेन रोडला लागून जो भाग आहे तिथे माझ्या शिवणाच्या क्लासची एक मुलगी राहते, तिच्या आईला विचारलं, त्यांच्याकडे पण कॅलेंडरवर खुणा, चौदा वेळा. एकाच टाकीचं पाणी, पाणीपट्टी तेवढीच, आणि त्यांना चौथ्या दिवशी तर आम्हाला आठव्या-नवव्या दिवशी. इतके दिवस आम्ही 'पाणी वेळेवर येत नाही हो' असं म्हणायचो आणि समोरचा म्हणायचा सगळ्या गावालाच कमी आहे ताई. आता सात आणि चौदा असं लिहिता आलं. चार घरांच्या कॅलेंडरच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि सोबत जोडल्या. आईंना आधी संकोच वाटला, त्यावर भिशीचे आकडे पण होते, ते मी झेरॉक्स काढतांना कागद ठेवून झाकले.

आता मुख्य, अर्ज कोणाच्या नावाने करायचा. नगरपरिषदेत प्रशासनाचा प्रमुख मुख्याधिकारी असतो, रोजच्या कामाचा आदेश तोच देतो. नगराध्यक्ष आणि नगरसेवक हे निवडून आलेले, मोठा खर्च, नवीन लाइन, नवीन टाकी असं काही असेल तर तो विषय सभेपुढे जावा लागतो, ठराव लागतो. आम्ही निवेदन दिलं तेव्हा इथे निवडून आलेलं कोणी नव्हतंच. २०२१-२२ च्या सुमारास राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबत लांबत थेट डिसेंबर २०२५ ला झाल्या, तोपर्यंत प्रशासक. आमच्याकडे मुख्याधिकारीच प्रशासक होते. म्हणजे आधी रात्री नगरसेवकाचं दार वाजवता यायचं ते पण नाही, त्यामुळे कागदाशिवाय दुसरा रस्ताच उरला नव्हता. 'प्रति' मध्ये एकच नाव, मा. मुख्याधिकारी सो., आणि खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाची नगरपालिका शाखा. झालं. त्याआधी एक गोष्ट मात्र बघून घ्या, की तुमचं काम खरंच नगरपालिकेकडे आहे का. गावातून जाणारा मोठा रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो, खांबावरचा दिवा नगरपालिकेचा पण तारा महावितरणच्या, आणि कॉलनी नवीन असेल तर ले-आउट नगरपालिकेकडे हस्तांतरित झालंय का हे पण विचारा, नाहीतर सहा महिन्यांनी एका ओळीचं उत्तर येतं की सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही.

भाषेची भीती बाळगू नका. आमच्या कोपऱ्यावरच्या नानांना वाटत होतं की वकिलाकडून टाइप करून घ्यावं लागेल. अजिबात नाही. भारताच्या राज्यघटनेत ३५० वं कलम आहे, कोणत्याही माणसाला आपल्या गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत देण्याचा हक्क आहे, आणि आपल्या राज्याचा कारभारच मराठीत आहे. साधं लिहा. आमचा विषय असा होता, 'आमच्या कॉलनीस इतर भागाप्रमाणे चौथ्या दिवशी पाणीपुरवठा करणेबाबत व वेळापत्रक जाहीर करणेबाबत.' खाली चार परिच्छेद, एका पानात बसलेले. एक, आम्ही कोण, किती घरं. दोन, ५९ दिवसांचा हिशोब. तीन, महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ च्या कलम ४९ प्रमाणे पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचं कर्तव्य आहे. हे वाक्य आबांनी टाकायला लावलं, कलम लिहिलं की वाचणारा जरा सरळ बसतो असं ते म्हणतात, आणि कायद्यात ते आहेच, दिवाबत्ती, रस्त्यांची झाडलोट, गटारी, पाणी, हे सगळं त्या कलमात येतं. चार, आम्हाला नेमकं काय पाहिजे, आणि केलेल्या कार्यवाहीचं लेखी उत्तर मिळावं ही विनंती. आंदोलनाचं वाक्य काढून टाकलं. जे आपण उद्या करणार नाही ते लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे, उपोषणाला बसायचंच असेल तर त्याची वेगळी नोटीस द्या, पोलीस स्टेशनला कळवा, मग बसा.

सह्यांना आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या निवेदनात एका पोराने घरातल्या पाच जणांच्या सह्या एकाच पेनाने एकाच वळणात केल्या होत्या, तसं यावेळी होऊ द्यायचं नव्हतं. एका कागदावर मी रकाने आखले, अनुक्रमांक, नाव, घर किंवा मालमत्ता क्रमांक, मोबाइल, सही. प्रत्येक पानाच्या वरती निवेदनाचा विषय पुन्हा लिहिला, म्हणजे ते पान दुसऱ्या कशाला जोडता येत नाही आणि सही करणाऱ्याला पण कळतं आपण कशावर सही करतोय. आधार नंबर कोणाचाच घेतला नाही, काही जण स्वतःहून द्यायला तयार होते तरी नाही, तो कागद किती हातांतून जाईल कोणाला माहिती.

दारोदार फिरतांना जे ऐकलं ते मला अजून आठवतं. भाडेकरू म्हणायचे आमची सही चालेल का, घर आमचं नाही. चालते, पाणी तर तुम्हीच भरता ना. दोन घरांनी दारच अर्धं उघडलं, कारण त्यांची पाणीपट्टी थकलेली होती आणि भीती की नाव दिसलं तर नळ कापतील. ही भीती खोटी नाही, समोरून पहिला प्रश्न थकबाकीचाच येतो. म्हणून ज्यांची भरलेली होती त्यांच्या पावत्यांच्या झेरॉक्स आम्ही जोडल्या, आणि त्या दोघांपैकी एकाने नंतर पट्टी भरून मग सही केली. आणि बायका. किती घरांत मी वही पुढे केली तर बाई आत वळून म्हणायची, हे आले की त्यांची सही घ्या. रात्री दोन वाजता मोटर लावायला कोण उठतं विचारलं तर उत्तर एकच. मी तिथेच ओट्यावर बसायचे आणि म्हणायचे तुमची पण करा, त्यांची पण करू. कोपऱ्यावरच्या अक्कांनी अंगठा दिला, त्याच्या बाजूला त्यांचं नाव लिहून मी आणि त्यांच्या नातीने साक्षीदार म्हणून सही केली. ८६ घरांतल्या १४१ सह्या झाल्या, त्यात बायकांच्या ७८. मला त्या आकड्याचा अभिमान वाटतो.

३ मार्च २०२५, सोमवार. आम्ही फक्त चौघं गेलो. दोन सेट नेले, एक द्यायला आणि एक आपल्याकडे ठेवायला, ज्याला ऑफिसात ओसी म्हणतात, ऑफिस कॉपी. आवक विभागात जाऊन सरळ सांगितलं की अर्ज द्यायचाय, पोच पाहिजे. तिथल्या ताई म्हणाल्या साहेबांना भेटून द्या, मी म्हटलं साहेबांना भेटतोच पण आधी आवक करून घ्या. आमच्या ओसीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक. सोबत जोडलेली पानं किती ते पण मी अर्जातच लिहिलं होतं, 'सोबत एकूण १७ पाने', म्हणजे नंतर सह्यांची पानं मिळाली नाहीत असं कोणी म्हणू नये. कोणी आवक करून घ्यायला नाहीच म्हणालं तर भांडत बसू नका, पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टमध्येच गेलं, तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा. ऑफिसच्या ईमेलवर पण एक प्रत टाकून द्या.

मग वाट बघणं. यातच बहुतेक निवेदनं मरतात, कारण देणारे थकतात. आम्ही १५ दिवसांनी, १८ मार्चला, स्मरणपत्र दिलं. चार ओळी, संदर्भ म्हणून आधीचा आवक क्रमांक, आणि त्याची पण पोच. दोन दिवसांनी मी माझ्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. २००५ च्या कायद्याने १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून कोणालाही टाकता येतो, आपल्या राज्यात तो एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं. 'का पाणी देत नाही' असा प्रश्न त्यात विचारू नका, त्यात कागद मागायचे असतात. मी एवढंच मागितलं की अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणकोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला गेला, त्यावर काय शेरे आहेत, त्यांच्या प्रती द्याव्यात. प्रतीचे पानाला २ रुपये लागतात. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचं तिकीट, आणि त्याने पण नाही झालं तर आपल्या खान्देशासाठी राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ आहे.

आणि लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकायचा दिवस. तो दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तहसीलला असतो आणि पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्ज १५ दिवस आधी, ठरलेल्या नमुन्यात, दोन प्रतींत द्यावा लागतो. गंमत नाही, इथे आमची एक चूक होता होता वाचली. तिथे तक्रार वैयक्तिक लागते, कॉलनीच्या वतीने दिलेलं सामूहिक निवेदन किंवा लेटरहेडवरचं पत्र घेत नाहीत, कोर्टात चालू असलेलं प्रकरण पण नाही. म्हणून मी माझ्या एकटीच्या नावाने, माझ्या नळ कनेक्शनची तक्रार म्हणून ४ एप्रिलला अर्ज दिला आणि आधीच्या दोन्ही पोच जोडल्या. तारीख मिळाली २१ एप्रिल.

त्याच्या आधीच, १७ तारखेला, माहिती अधिकाराचं उत्तर आलं. दोन पानं. आमचा अर्ज ५ मार्चला पाणीपुरवठा विभागात गेला होता, त्यावर शेरा होता 'व्हॉल्व्हमनकडून अहवाल घ्यावा', आणि त्यानंतर एक पण नोंद नाही. दीड महिना तो कागद तिथेच होता. मला ते वाचून राग येण्याआधी बरं वाटलं, कारण अडकलंय कुठे ते तरी कळलं. २१ ला तहसीलला मी ते पान समोर ठेवलं. तिथे नगरपालिकेचे प्रतिनिधी पण होते. कोणी आवाज चढवला नाही, मी पण नाही. आठ दिवसांत जागेवर पाहणी करून अहवाल द्या असं त्यांना सांगितलं गेलं आणि ते लिहून घेतलं गेलं.

दुसऱ्याच दिवशी इंजिनिअर आणि व्हॉल्व्हमन दादा आले. या व्हॉल्व्हमन दादांबद्दल मला लिहायचंच आहे, कारण इतकी वर्षं आम्ही बायका सगळी बोलणी त्यांनाच खायला लावत होतो. ते म्हणाले ताई मी एकटा माणूस, गावात इतके व्हॉल्व्ह, तुमच्या कोपऱ्याचा व्हॉल्व्ह अर्धा जाम आहे, मी तोंडी किती वेळा सांगितलंय. तोंडी. आबा बाजूलाच उभे होते, काही बोलले नाहीत. खड्डा खोदला तर व्हॉल्व्ह खरंच अर्ध्यावर अडकलेला, आणि आमच्या लाइनवरूनच पुढच्या नवीन प्लॉटांना एक जोड दिलेला निघाला, त्यामुळे आमची वेळ त्यांच्यात वाटली जात होती. व्हॉल्व्ह बदलला. रोटेशन नव्याने लावलं.

३० एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती. आपल्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने नवी घागर भरतात, वरती खरबूज, सांजोरी ठेवतात, सगळ्या गल्लीच्या माहेरवाशिणी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात. त्याच्या आधीच्या वर्षी आखाजीची घागर आम्ही विकतच्या जारच्या पाण्याने भरली होती आणि आई दिवसभर गप्प होत्या. यावेळी २९ ला संध्याकाळी सहा वाजता, चांगलं उजेडात, नळ आला. पलीकडच्या ओट्यावरून अक्का ओरडल्या, "पानी उनं का वं?" आईंनी आधी घागर घासून भरली आणि मग पेन शोधायला आत गेल्या.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. मे मध्ये चौथ्याचा पाचवा दिवस झाला, पावसाळ्यात एकदा मोटर जळाली तेव्हा सातवा. वेळापत्रकाचा बोर्ड टाकीजवळ लागला पण आमच्या भागात नाही लागला. आणि टोकापर्यंत प्रेशर पाहिजे असेल तर मोठ्या व्यासाची नवीन लाइन लागेल, तो खर्चाचा विषय आहे. आता नगराध्यक्ष आणि नगरसेवक आहेत, तर नवीन लाइनचं निवेदन आम्ही यावर्षी नगराध्यक्षांच्या नावाने दिलंय आणि मुख्याधिकाऱ्यांना प्रत. कायद्याने सर्वसाधारण सभा दर दोन महिन्यांनी व्हायलाच पाहिजे, तिच्या अजेंड्यावर आपला विषय येतो का ते आधी बघायचं, म्हणून सभेच्या नोटिसा निघायच्या आधीच आमच्या प्रभागाच्या दोन्ही नगरसेवकांना ओसीची झेरॉक्स नेऊन दिली. एकाने विचारलं फोटो काढायचा का. काढला, त्यात काही वाईट नाही, फक्त पोच आधी घेतली होती.

वहिनीसाठी वेगळं लिहिते, कारण तिच्याकडे ग्रामपंचायत आहे. तिथे कागद सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आधीचे ग्रामसेवक) यांच्या नावाने, पोच तशीच घ्यायची. पण तुमच्याकडे ग्रामसभा आहे जी आम्हाला शहरात नाही, वर्षातून कमीत कमी चार घ्याव्याच लागतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास, आणि त्याच्या आधी महिलांची वेगळी सभा. तर १ मे च्या आधी अर्ज द्या, त्यात लिहा की हा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा, महिला सभेत सगळ्या जणी हजर राहा आणि विषय प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहिला गेला का ते तिथेच वाचून घ्या. नुसतं बोलून घरी येऊ नका. ग्रामपंचायतीने काहीच केलं नाही तर पुढे पंचायत समितीचे गटविकास अधिकारी, त्यांना देतांना आधीच्या पोचची झेरॉक्स जोडायची. गटारीचे फोटो काढतांना तारीख दिसेल असे काढ आणि हापशा त्याच फोटोत येऊ दे, दोघांमध्ये किती अंतर आहे ते कळलं पाहिजे. अंतर मोजून फुटांत लिही.

हे सगळं लिहीपर्यंत दोन दिवस गेले आणि वहिनीला धीर निघाला नाही. काल संध्याकाळी तिने फोटो पाठवला. बारा बायका ग्रामपंचायतीच्या दारात उभ्या आहेत, पुढे तिच्या हातात ओसी आहे. मी झूम करून बघितलं. शिक्का आहे, सही आहे, तारीख आहे, आवक क्रमांकाची जागा कोरी आहे. तिला लगेच फोन केला, म्हटलं उद्या सकाळी ग्रामसेवक आले की जाऊन तेवढा नंबर टाकून घे.